ग्रीक चित्रांची भांडी शिकायचीयेत, नाशकात बसून सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची: नमस्कार सगळ्यांना, मी टी.वाय.ला आहे, इतिहास घेऊन, नाशिकरोडला राहते. दोन महिन्यांपासून अथेन्सच्या त्या काळ्या-तांबड्या चित्रांच्या भांड्यांचे फोटो बघतेय आणि डोक्यातून जातच नाहीत. माझा प्रश्न असा की ही भांडी बनली अथेन्सला पण चांगली चांगली सापडली इटलीत, रोमच्या आधी तिथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत, असं का? वर्गात विचारलं तर "सांस्कृतिक देवाणघेवाण" एवढं एका वाक्यात उत्तर मिळालं आणि पुढचा धडा सुरू. पण म्हणजे नक्की काय झालं, कोणी कोणाला काय दिलं, आणि नुसत्या खापरावरून हे कळतं कसं? घरचे म्हणतात एमपीएससी कर, हे पण करेन पण हे सोडवत नाहीये.

खापरवेडा: ताई, प्रश्न एकदम मुळाला हात घालणारा आहे. मी पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकलोय, तिथे पहिल्याच आठवड्यात खापराची तुटलेली कड बघायला लावतात, चित्र नंतर. कारण चित्र नक्कल करता येतं, माती नाही.

आता तुमचं एट्रुस्कनचं. १८२८ पासून इटलीतल्या वुल्चीला थडगी उघडायला लागली आणि भांडी ढिगांनी निघाली, त्या आधीपासूनच लोक अशा भांड्यांना एट्रुस्कनच समजायचे, इंग्लंडच्या वेजवुडने तर १७६९ मध्ये आपल्या भांड्यांच्या कारखान्याचं नावच एट्रुरिया, म्हणजे एट्रुस्कनांचा देश, असं ठेवलं. नंतर त्यावरची लिपी, सह्या नीट वाचल्यावर पक्कं झालं की माल अथेन्सचा. पण मला सगळ्यात आवडतो तो निकोस्थेनिस. इ.स.पू. सहाव्या शतकातला अथेन्सचा कारखानदार. याने एट्रुस्कन लोकांच्या बुकेरो नावाच्या काळ्या भांड्याचा घाट उचलला, तसेच चपटे रुंद कान, तशीच बांधणी, त्यावर आपल्याकडची चित्रं काढली आणि माल त्यांनाच पाठवला, ही भांडी बहुतेक एट्रुस्कनांच्या चेर्वेतेरीलाच सापडतात. म्हणजे गिऱ्हाईक काय मागतं ते अथेन्सच्या चाकापर्यंत पोचत होतं! देणारा एक आणि घेणारा एक असं नव्हतंच ते. आणि ग्रीकांनी तरी कमळं, स्फिंक्स कुठून आणले, पूर्वेकडून, इ.स.पू. सातव्या शतकातली कोरिंथची भांडी बघा, प्राण्यांच्या रांगाच्या रांगा आहेत.

उलटं उदाहरण पण आहे. आजच्या इस्रायलमधल्या अश्कलोन, एक्रोनला फिलिस्टाइन लोकांची भांडी दिसायला ग्रीसमधल्या मायसिनीच्या भांड्यांसारखी, पण माती तपासली तर तिथलीच. म्हणजे तिथे माल नाही आला, घडवायची रीत आली. दिसणं तेच पण अर्थ पार वेगळा.

चाकावरचा: आमचं घराणं कुंभाराचं, म्हणून एक सांगतो. तो काळा रंग रंग नाहीये, लोक पेंट समजतात. तीच लोहाची माती पाण्यात निवळून निवळून अगदी बारीक करून तिचा लेप दिलेला असतो. भट्टी आधी हवेवर तापवायची, सगळं तांबडं. मग ९०० अंशाच्या आसपास हवा कोंडून ओलं लाकूड टाकायचं, सगळं काळं. मग परत हवा सोडायची, तेव्हा अंगाची माती पुन्हा तांबडी होते पण बारीक लेप काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्याच्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. आम्ही आव्यावर, म्हणजे आमच्या भट्टीवर, ओला पाला टाकून धूर कोंडतो तेव्हा मडकी काळी होतात, मूळ तेच. पण एकाच भांड्यावर दोन्ही रंग धरायचे म्हणजे हात जबरदस्त पाहिजे, वेळ चुकली की सगळा माल गेला.

पंचवटीकर: मग आपल्या पांडवलेणीत यवनाचा शिलालेख आहे, म्हणजे ग्रीक नाशकात राहत होतेच ना? पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला पण रोमन भांडी मिळालीत.

खापरवेडा: दादा, इथेच जपून. १७ नंबरच्या लेण्यातला दाता स्वतःला योनक, म्हणजे यवन, म्हणवतो, उत्तरेकडचा, दातामिती गावचा, पण नाव इंद्राग्निदत्त, बाप धम्मदेव, आणि दान बौद्ध संघाला. त्याला ग्रीक म्हणून मोकळं होण्यापेक्षा हे तीन धागे एकत्र कसे आले ते बघा ना, खरी गोष्ट तिथे आहे. अरिकमेडूला इटलीची तांबडी अॅरेटाइन भांडी खरंच आहेत, पण तिथलीच ठिपक्यांच्या वर्तुळांची रुलेटेड भांडी तिथे उत्खनन करणाऱ्या व्हीलरने १९४५ मध्ये भूमध्यसागराकडची धरली होती, पुढे माती तपासल्यावर ती भारतातलीच निघाली.

ताई, सुरुवात घरापासून करा. १९५०-५१ ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशकात आणि संगमनेरजवळ जोर्व्याला उत्खनन केलं, त्याचा अहवाल मिळवून वाचा. जोर्वे भांडं तांबडं, त्यावर काळी नक्षी, वाजवलं तर खणखणीत. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात अशी भांडी बघा, कड, जाडी, तुटलेल्या जागेचा रंग, आणि वहीत चित्र काढा, फोटो नको. गढीवर गेलात तर खापर उचलून आणू नका, जागेवरून हललं की त्याचं निम्मं बोलणं गेलं.

गोदाकाठची: हे सगळं दोनदा वाचलं. निकोस्थेनिसचं डोक्यात बसलं, मी इतके दिवस ग्रीकांनी दिलं आणि बाकीच्यांनी घेतलं असंच धरून चालले होते. पुढच्या महिन्यात पुण्याला जातेय. चाकावरचा दादा, तुमचा आवा बघायला येऊ का, रविवारी पेटवता का?

चाकावरचा: या की. पेटवतो संध्याकाळी पण रचायला दुपारपासून लागतो, रचताना बघितलं तरच कळेल. जुने कपडे घालून या.