दर तीन-चार आठवड्यांनी कुत्रीचं पोट बिघडतं, चिकन-भाताने तेवढ्यापुरतं थांबतं. आहारात नेमकं काय बदलू?

ठमीची_आई
ठमी, देशी कुत्री, वय ३ वर्षं, वजन १६ किलो, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. गेल्या ५ महिन्यांत ६ वेळा पोट बिघडलं. दिवसातून ५-६ वेळा थोडी थोडी पातळ शी, शेवटी कुंथते आणि आव पडते. दोनदा लाल रक्ताचा थेंब दिसला. वजन घटलेलं नाही, भूक चांगली. शिवाय आठवड्यातून दोनदा तरी पहाटे पिवळा फेस ओकते आणि लगेच शेपूट हलवत खेळायला येते.

खाणं: सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता चिकनचं कोरडं खाद्य, त्यात थोडा भात. सासूबाई कधी दूध-पोळी देतात, वॉचमनकाका बिस्किटं देतात, रविवारी उकडलेल्या कोंबडीच्या माना. बिघडलं की दोन दिवस चिकन-भात, तिसऱ्या दिवशी नेहमीचं. दर वेळी मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स होतो. औषधं न वाढवता आहाराने हे थांबेल का?

शेपटीशास्त्र
ताई, वर्णन नीट दिलंत म्हणून बरंच कळतंय. थोडी थोडी, वारंवार, कुंथून, आवेसकट आणि वजन कायम, हे मोठ्या आतड्याचं दुखणं दिसतं. लहान आतडं बिघडलं तर शी कमी वेळा पण भरपूर होते आणि वजन उतरू लागतं. हा फरक महत्त्वाचा, कारण मोठ्या आतड्याला विरघळणाऱ्या तंतूंचा (फायबरचा) खूप उपयोग होतो आणि चिकन-भातात ते जवळपास नसतातच. म्हणून त्याने बरं वाटलं तरी ते टिकत नाही.

पहाटेचा पिवळा फेस बहुधा वेगळी गोष्ट आहे. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ म्हणजे १४ तास पोट रिकामं. तेवढ्यात पित्त जठरात उलटं येतं आणि आतलं अस्तर चुरचुरतं. रोजच्या खाण्यातलाच पाचवा हिस्सा बाजूला काढून रात्री साडेदहा-अकराला द्या, एकूण खाणं वाढवू नका. ८-१० दिवसांत ओकणं थांबलं तर कारण हेच होतं.

गुरगुट्या_भात
मला खटकलं ते "तिसऱ्या दिवशी नेहमीचं". आतड्याचं अस्तर दोन दिवसांत सावरत नाही, त्यावर एकदम पूर्ण वाटी कोरडं खाद्य पडलं की पुन्हा तेच. पथ्य शी बांधून आल्यावर आणखी २ दिवस चालू ठेवायचं आणि मग ७ ते १० दिवसांत परत यायचं: २ दिवस पाव भाग जुनं खाद्य, २ दिवस अर्धं, २ दिवस पाऊण, मग पूर्ण. मध्येच शी सैल झाली तर एक पायरी मागे.

मोजमापही लिहितो, कारण बहुतेक घरांत अंदाजाने दिलं जातं आणि भात फार होतो. विश्रांतीत लागणारी ऊर्जा म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. १६ किलोला तो घात बरोबर ८ येतो, म्हणजे ५६० कॅलरी. बिघडलेल्या दिवसांत एवढ्यावर ठेवा. त्यासाठी दिवसाला ९० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि १९० ग्रॅम कच्चं, कातडी-चरबी काढलेलं छातीचं चिकन. तांदळात पाचपट पाणी घालून कुकरला ४-५ शिट्ट्या, भात बोटांनी मोडेल इतका गुरगुट्या. चिकन वेगळं उकडा, गार झाल्यावर वर जमलेला चरबीचा थर काढून टाका आणि बारीक कुस्करून भातात मिसळा. मीठ, हळद, फोडणी काही नको. कांदा-लसूण तर चुकूनही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. शिजलेल्या आमटीतला कांदाही तेवढाच वाईट. दिवसाचं खाणं ४-५ वेळांत विभागा.

सोबत २ मोठे चमचे उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा, किंवा इसबगोल अर्धा छोटा चमचा दिवसातून दोनदा. इसबगोल कोरडं टाकू नका. पाव कप पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्याचं बुळबुळीत झालं की खाण्यात कालवा. कोरडं गेलं तर उलट शी घट्ट होऊन अडकते.

आणि त्या माना बंद करा. कातडीसकट मान म्हणजे भरपूर चरबी, आणि शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात. तुमची ६ बिघाडांची तारीख-वार यादी काढून बघा, सोमवार-मंगळवारच जास्त येतात का.

ठमीची_आई
वार तपासले. ६ पैकी ४ वेळा सोमवार किंवा मंगळवार. माना कालपासून बंद. पण उरलेल्या दोन वेळा मान दिली नव्हती. चिकनचीच ॲलर्जी असू शकते का? मग चिकन-भाताने बरं कसं वाटतं?

शेपटीशास्त्र
असू शकते, आणि चिकन-भाताने बरं वाटलं म्हणून ती बाद होत नाही. त्या दोन दिवसांत चरबी, दूध, बिस्किटं हे सगळंही बंद असतं ना! कुत्र्यांमध्ये खाण्याच्या ॲलर्जीत बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू हीच नावं वर असतात. ठमीच्या ताटात त्यातली तीन आहेत. रक्ताच्या किंवा केसांच्या ॲलर्जी चाचण्यांवर पैसे घालू नका, अन्नाच्या बाबतीत त्या भरवशाच्या नाहीत. खरी चाचणी एकच: आधी कधीच न खाल्लेलं प्रथिन घेऊन काटेकोर पथ्य. त्वचेच्या तक्रारीला ८ आठवडे लागतात, पोटाचा फरक बहुधा २ आठवड्यांत दिसतो.

मासे कधी दिले नसतील तर बासाचे बिनकाट्याचे तुकडे सोयीचे. पोट शांत असताना तिला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतील: ४०० ग्रॅम बासा, ५०० ग्रॅम उकडलेला बटाटा (साल, कोंब आणि हिरवा भाग काढून), २ छोटे चमचे साधं तेल. तेल पहिल्या दिवशी पाव चमच्यापासून सुरू करा, पुरतं व्हायला आठवडा लागू द्या.

हे पथ्य बहुतेक घरांत फसतं ते ताटाबाहेरच्या गोष्टींमुळे. बिस्किटात गहू, दूध आणि तेल असतं. जंताच्या किंवा गोचिडांच्या चघळायच्या गोळीला मांसाची चव लावलेली असते, तिची तारीख पथ्याच्या आधी किंवा नंतर येईल असं डॉक्टरांशी ठरवा. सासूबाईंना द्यायचंच असेल तर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी डब्यात काढून ठेवा, देणाऱ्याचं मनही राहतं. वॉचमनकाकांच्या हातीही तोच डबा.

दोन आठवडे शी चांगली राहिली तर शेवटची पायरी गाळू नका: बाकी काही न बदलता फक्त चिकन परत द्या. ॲलर्जी असेल तर बहुधा काही दिवसांतच बिघडेल, पण दोन आठवडे वाट बघा. काही झालं नाही तर चिकन निर्दोष. मग तसंच दूध, मग गहू. एका वेळी एकच. ही पायरी गाळणारे लोक वर्षानुवर्षं उगाच महागडं खाद्य घेत राहतात.

पशुवैद्य_सातारा
वरचा सल्ला चांगला आहे, पण पथ्य सुरू करण्याआधी शी तपासून घ्या. आव आणि ताजं रक्त असताना व्हिपवर्म (मोठ्या आतड्यातला जंत) आणि जिआर्डिया (आतड्यातला एकपेशीय परजीवी) डोक्यात यायलाच हवेत. व्हिपवर्मची अंडी किंवा जिआर्डियाच्या पुटकुळ्या (कवचातली सूक्ष्म अवस्था, सिस्ट) रोज शीतून पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे नाहीत असं नाही. ३ ते ५ दिवसांत ३ वेगवेगळे ताजे नमुने द्या. नेहमीच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल एवढंच असेल तर ती व्हिपवर्मवर चालत नाही. फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल असलेलं औषध लागतं, मात्रा तुमचे डॉक्टर वजनावर ठरवतील. जिआर्डिया निघाला तर उपचाराच्या शेवटच्या दिवशी अंघोळ घाला, मागचा भाग नीट धुवा. केसांना चिकटलेल्या पुटकुळ्या चाटून ती पुन्हा आजारी पडते.

मेट्रोनिडॅझोलबद्दल: साध्या जुलाबात ते दर वेळी लागतंच असं नाही. आतड्यातले चांगले जिवाणूही त्याने मरतात आणि ती घडी बसायला काही आठवडे जातात. दर महिन्याला कोर्स झाला तर आतडं सावरायला वेळच मिळत नाही. मात्र चालू कोर्स स्वतःहून तोडू नका, डॉक्टरांशी बोला.

शी कृमीमुक्त आली, पथ्य मनापासून झालं आणि तरी दर महिन्याला तेच राहिलं, तर रक्त तपासा. तरुण मादीत "सलाईन दिलं की बरं, पुन्हा तेच" असं चाललं तर ॲडिसन या आजाराचा (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत) विचार करावा लागतो. रक्तातल्या कॉर्टिसॉलची साधी चाचणी २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आली तर तो जवळजवळ बाद होतो.

घरच्या उपायांची वाट न बघता लगेच आणायचं कधी: काळी डांबरासारखी शी, पाणीही न टिकणारी ओकारी, पोट फुगून नुसतेच ओकारीचे उमासे, हिरड्या फिकट किंवा चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहणं. आणि लस अपुरी असलेलं पिल्लू असेल तर पहिल्याच जुलाबाला आणा, पार्व्हो या विषाणूच्या आजारात तासांचा हिशेब असतो. माणसांची जुलाब थांबवायची किंवा दुखण्याची गोळी घरातून देऊ नका.

ठमीची_आई
उद्या पहिला नमुना देते. बासा-बटाटा जमला तर तोच कायम ठेवला तर चालेल का?

गुरगुट्या_भात
दोन-तीन आठवडे चालेल, कायमचं नाही. बासा-बटाट्यात कॅल्शियम फारच कमी. ९०० कॅलरींना साधारण १.१ ग्रॅम कॅल्शियम हवं. तेवढं जवळपास अर्ध्या छोट्या चमचा अंड्याच्या टरफलाच्या पुडीत मिळतं: टरफलं आतला पापुद्रा काढून उकळायची, वाळवायची, मिक्सरमध्ये पिठासारखी करायची. पण चिकटून राहिलेल्या पापुद्र्यात अंड्याचं प्रथिन असतं, म्हणून पथ्याच्या काळात टरफलाऐवजी दुकानातलं बिनचवीचं कॅल्शियम कार्बोनेट वापरा. जस्त, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची तूट मात्र टरफलाने भरत नाही. चिकन आणि गहू दोन्ही नको असं चाचणीतून ठरलं, तर माशाचं पूर्ण संतुलित खाद्य शोधा आणि पाकिटामागची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. पुढे मोठ्या अक्षरात मासा आणि यादीत चिकनची चरबी, असं हमखास सापडतं.