महाभारत आधी की 'आरू शाह' आधी?

उंबरठा: भाचीच्या हट्टापायी रोशनी चोक्शींचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' (2018) वाचून काढलं. अटलांटातल्या म्युझियममध्ये राहणारी बारा वर्षांची आरू, मारलेल्या थापा खऱ्या ठरवायला शापित दिवा लावते. 'स्लीपर' नावाचं संकट सुटतं, आणि कळतं की बाईसाहेबांमध्ये अर्जुनाचा आत्मा आहे! सोबत मिनी, म्हणजे युधिष्ठिर. वाट दाखवायला कबूतर. गोष्ट पळते झकास, पण देवादिकांचा रात्रबाजार कॉस्टकोच्या दुकानात? पोरांना आधी मूळ महाभारत द्या, मग हे चाळे.

गोदाकाठ: मूळ म्हणजे कुठलं हो? पुण्याच्या भांडारकर संस्थेला हस्तलिखितांतले वेगवेगळे पाठ ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी करायला 1919 ते 1966 लागली. आणि लोककलेतलं आपलं जांभूळ आख्यान? द्रौपदीच्या मनात कर्ण, हे व्यासांनी कुठे लिहिलंय? शाहीर विठ्ठल उमप रंगवायचे तेव्हा मात्र आपण माना डोलावल्या.

उंबरठा: डोलावल्या, कारण ऐकणाऱ्याला मूळ कथा तोंडपाठ होती. भाचीला नाही. ते कबूतर खरं कोण हे उघड होतं ना, तिथे मी ताडकन उठून बसलो. ही ढिम्म. "बरं, मग?" म्हणाली. द्यूत माहीत नसेल तर त्या पानात आहे काय?

सहजच: न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्या चिरंजीवांना झ्यूसचं खानदान पाठ, भीम कोण ते ठाऊक नव्हतं. ग्रीक देवांवरच्या 'पर्सी जॅक्सन'वाल्या रिक रायर्डनचं नाव दिसलं म्हणून पुस्तक हातात घेतलं. आता रोज जेवताना "कर्णाला कुणीच का सांगितलं नाही?" चालू असतं. विनोदांचा मारा अती आहे, मलाही कंटाळा आला. पण मिनी बघा. युधिष्ठिर यमधर्माचा मुलगा, म्हणून ही यमाची लेक सतत आजारपणाच्या आणि मरणाच्या धास्तीत! तिला मिळालेल्या पावडरीच्या डबीचा पुढे यमदंड होतो. महाभारत कोळून प्यायल्याशिवाय हे सुचत नाही.

उंबरठा: लेखिकेला येतं हो सगळं. वाचणाऱ्याचं काय?

गोदाकाठ: मग द्यूत तुम्हीच सांगा की भाचीला. तो विषय तसाही मामांचाच.

उंबरठा: अहो! ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांचा तरी विचार करा.