‘टिक तुम्हीच केली होती’ : जाहिरातींचे ईमेल आणि उद्धट ग्राहकसेवा यांचे काय करावे?

दप्तरदार

गेल्या ऑक्टोबरात मी एका ऑनलाइन दुकानातून मिक्सरचे चटणीचे भांडे मागवले. भांडे ६४० रुपयांचे. ते घरी पोहोचायला नऊ दिवस लागले आणि तेवढ्या काळात दुकानाने मला ३१ ईमेल पाठवले. त्यांतले तीन माझ्या ऑर्डरसंबंधी होते. उरलेले २८ पडदे, प्रोटीन पावडर आणि ‘फक्त तुमच्यासाठी, फक्त आज रात्रीपर्यंत’ असलेल्या सवलतींचे. ही ‘आज रात्र’ पुढे सलग दोन आठवडे चालू होती.

ईमेलच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ लिहिलेले होते. त्यावर क्लिक केल्यावर लॉगिन मागितले, लॉगिन केल्यावर १४ चौकटींची यादी उघडली, आणि प्रत्येक चौकटीतली टिक वेगवेगळी काढून झाल्यावर ‘मला सवलती नकोत, मला जास्त पैसे मोजायला आवडतात’ असे लिहिलेले बटण दाबल्याशिवाय ते पान पुढे सरकेना. (केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा १३ युक्त्या नावानिशी दिलेल्या आहेत. ग्राहकाला लाजवून होकार काढणे ही त्यांतलीच एक.) एवढे करूनही ईमेल थांबले नाहीत, तेव्हा चॅटवर गेलो. पलीकडच्या व्यक्तीने ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य चार वेळा पाठवले. पाचव्यांदा मी विचारले, की दिलगिरी पोहोचली, ईमेल कधी बंद होणार? त्यावर उत्तर आले : ‘टिक तुम्हीच केली होती सर, फॉर्म भरताना वाचायला हवा होता.’ लगेच चॅट बंद झाले आणि पडद्यावर पाच तारे उगवले, आमची सेवा कशी वाटली म्हणून. मी एक तारा दिला.

माझे मत असे आहे की अशा ईमेलवर गाळणी (फिल्टर) लावून गप्प बसणे चूक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटींनाही याच नियमांत बंदी आहे. आपण हे हक्क वापरत नाही, म्हणून चॅटवर बसलेल्या माणसाला उर्मटपणा परवडतो. आपले काय मत?

निवांत

दप्तरदार साहेब, तुमचा राग रास्त आहे, पण हिशेब चुकतो आहे. ज्या ईमेलकडे न पाहता पुढे जायला दोन सेकंद लागले असते, त्यांच्यापायी तुम्ही निदान एक संध्याकाळ घालवली.

मी स्वतः ऑनलाइन दुकानाला कधीही मूळ पत्ता देत नाही. जीमेलमध्ये आपल्या नावानंतर अधिकचे (+) चिन्ह घालून कोणताही शब्द जोडता येतो आणि ईमेल तरीही आपल्याच पेटीत येतो. मिक्सरवाल्याला ‘अधिक मिक्सर’, विमेवाल्याला ‘अधिक विमा’ असे पत्ते दिले, की त्या पत्त्यावर आलेले सगळे परस्पर वेगळ्या फोल्डरात टाकणारी गाळणी एका मिनिटात लावता येते. शिवाय विमेवाल्याला दिलेल्या पत्त्यावर एके दिवशी फ्लॅटच्या जाहिराती येऊ लागल्या, तेव्हा माझा पत्ता कुणी वाटला हे मला न विचारता कळले. काही फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे मी खरेदीच करत नाही.

दुसरी गोष्ट. ज्याच्याकडून आपण कधी काही घेतलेलेच नाही, अशा अनोळखी माणसाच्या ईमेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’वर चुकूनही क्लिक करू नये. त्याने पत्ता चालू असल्याची खात्री पाठवणाऱ्याला आयती मिळते. असा ईमेल सरळ ‘स्पॅम’ म्हणून कळवावा. मी तर कंटाळा आला की ओळखीच्या दुकानांनाही तेच बटण दाबतो.

आंबेवाली

निवांत यांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे आणि वर्षातून जेमतेम दहा आठवडे आमचा धंदा चालतो. गेल्या सहा वर्षांत ज्यांनी पेटी घेतली, अशा साधारण १,८०० ग्राहकांना मी मार्च ते मे या काळात चार ईमेल पाठवते : मोहोर कसा आहे, पहिली तोड कधी, पेटीचा भाव काय आणि शेवटची गाडी कधी सुटणार. दलालाला वगळून थेट ग्राहकाला आंबा विकायचा तर यापेक्षा स्वस्त साधन माझ्याकडे नाही.

आता तुमच्या त्या बटणाचे गणित पाहा. गूगलच्या अटींनुसार पाठवणाऱ्याविरुद्धच्या स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे लागते, म्हणजे हजारामागे तीन. माझ्या १,८०० जणांत सहा कंटाळलेले निघाले, की उरलेल्या १,७९४ लोकांनाही माझे ईमेल नीट पोहोचतील याची शाश्वती नाही. मागच्या हंगामात नेहमीच्या एका काकूंनी मे महिन्यात फोन करून विचारले, ‘यंदा आंबा नाही का गं?’ चारही ईमेल त्यांच्या स्पॅममध्ये पडलेले होते. नको असेल तर नको म्हणा. मी त्याच दिवशी नाव काढते. पण रोज तीन ईमेल टाकणारे दुकान आणि वर्षाला चार टाकणारी मी, यांना एकाच बटणाने हाणू नका.

रातपाळी

मी हिंजवडीत चार वर्षे चॅटवर बसून ग्राहकसेवा केली आहे, तेव्हा पलीकडच्या खुर्चीतून दोन शब्द.

आम्ही एका वेळी तीन ग्राहकांशी बोलत असू, मागणी वाढली की चार. प्रत्येक चॅट किती मिनिटांत संपले याची नोंद होई. तिला ‘एएचटी’ म्हणत. ‘दिलगीर आहोत’ हे वाक्य आम्ही टंकत नव्हतो, त्याचे बटण होते, आणि ठरलेल्या वाक्यांबाहेर गेल्यास क्वालिटीवाले गुण कापत. ईमेलच्या यादीतून नाव काढण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, तशी सोयच माझ्या पडद्यावर नव्हती. मी फक्त तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, वर पाठवू शकत होतो, आणि त्याचे पुढे काय होते हे मलाही कधी कळले नाही.

‘वाचायला हवा होता’ हे वाक्य वाईटच. मी त्याचे समर्थन करत नाही. मात्र तुम्ही दिलेला एक तारा त्या दुकानाला मिळालेला नाही. तो त्या मुलाच्या ‘सीसॅट’मध्ये, म्हणजे ग्राहकांच्या समाधानाच्या गुणांत, गेला आणि महिनाअखेरीस त्याच्या इन्सेंटिव्हमधून वजा झाला असणार. ज्याने १४ चौकटी मांडल्या त्याला कोणी तारे विचारत नाही. आणि रात्री अडीच वाजता ‘तुझ्या मालकाला दे, तुला अक्कल नाही’ असे लिहिणारे, स्वतःला सुशिक्षित म्हणवणारे ग्राहक मी रोज पाहिले आहेत. उद्धटपणा दोन्ही बाजूंनी चालतो. फक्त एका बाजूच्या संभाषणाची तपासणी होते.

दप्तरदार

रातपाळी, तुम्ही सांगितलेली कामाची तऱ्हा मला ठाऊक नव्हती आणि ताऱ्याबद्दल मी दुसऱ्यांदा विचार करीन. परंतु अधिकार नसणे आणि अपमान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हे माझ्या हातात नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता हा घ्या’ असे त्याने लिहिले असते तर त्याचे एएचटी कमीच झाले असते. बँकेच्या खिडकीवर मी एकतीस वर्षे काढली. तिथेही बऱ्याच गोष्टी माझ्या हातात नव्हत्या, पण म्हणून समोरच्या म्हाताऱ्याला ‘फॉर्म वाचायचा होतात’ असे मी म्हटले नाही. (एकदा म्हटले होते, त्याची सल अजून आहे.)

पुढची तारीख

पेशाने वकील आहे, म्हणून एक दुरुस्ती. दप्तरदार यांनी २०२० च्या नियमांतल्या ज्या बंदीचा दाखला दिला आहे, ती वस्तू किंवा सेवा विकत घेण्याच्या संमतीपुरती आहे : आधीच टिक केलेल्या चौकटीवरून खरेदीची संमती गृहीत धरता येत नाही. जाहिरातीच्या ईमेलची संमती त्या वाक्यात येत नाही. अधिकाऱ्याचे ४८ तास आणि एक महिना हे मात्र बरोबर आहे.

मुळात ईमेल हे आपल्या कायद्यातले पोरके मूल आहे. नकोसे फोन आणि एसएमएस यांच्यासाठी ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे विनियम आहेत आणि १९०९ हा क्रमांक आहे, ईमेल त्यांच्या कक्षेत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ या कलमात त्रास देण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, आणि त्याचा जसा वापर चालला होता तो पाहता योग्यच केले. आता भिस्त आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे तो सांगतो. एका टिकने दिलेली संमती काढायला १४ चौकटी लावणे या कसोटीवर टिकणार नाही. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. शिवाय खोट्या किंवा क्षुल्लक तक्रारीबद्दल त्याच कायद्यात ग्राहकालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, हे सरसकट ‘तक्रार ठोका’ म्हणणाऱ्यांनी वाचून ठेवावे.

टोरांटोकर

कॅनडात २०१४ पासून जाहिरातींच्या ईमेलसाठी कायदा आहे आणि तो आधी संमती मागतो. तरी आंबेवालीताईंनी घाबरू नये : इथेसुद्धा ज्याने खरेदी केली आहे त्याची संमती खरेदीपासून दोन वर्षे गृहीत धरतात. त्यानंतर मात्र पुन्हा विचारावे लागते. सहा वर्षांपूर्वी एक पेटी घेतलेल्या माणसाला इथे ताईंनाही ईमेल पाठवता आला नसता.

आंबेवाली

हे मात्र पटले. दोन वर्षांत ज्यांनी पेटी घेतलेली नाही असे ४०० जण तरी माझ्या यादीत निघतील. त्यांना फेब्रुवारीत एकदाच विचारते आणि उत्तर आले नाही तर नाव काढते. ४०० नावे सोडून देताना हात जड होतो, पण कंटाळलेले सहा जण बहुधा त्यांच्यातच बसलेले असतील.

निवांत

ताई, तुमच्यापुरते बटण मागे घेतो. मोठ्या दुकानांबाबत माझे मत तेच आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढण्याची सोय देणे जीमेलने २०२४ पासून सक्तीचे केले आणि पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ‘अनसबस्क्राइब’ दिसते. दप्तरदार साहेबांनी तळाची राखाडी अक्षरे शोधण्याऐवजी वर पाहिले असते, तर लॉगिनही लागले नसते आणि चॅटही. चार सरकारी नियमांनी जे केले नाही ते टपाल वाहणाऱ्या कंपनीने दंडाच्या धाकाशिवाय केले, याचा विचार करा.

दप्तरदार

वर पाहिले, खरोखरच आहे. काल संध्याकाळी दाबले, आज सकाळपासून एकही ईमेल आलेला नाही. तरीही तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र धाडले आहे, चॅटची प्रत जोडून. त्यात त्या मुलाचे नाव काळे केले आहे आणि १४ चौकटींचे चित्र मोठे करून लावले आहे. पोचेचे ४८ तास परवा सकाळी अकराला संपतात.

रातपाळी

नाव काळे केलेत, आभारी आहे. पण या सगळ्यात मिक्सरच्या भांड्याचे काय झाले?

दप्तरदार

भांडे चांगले आहे. झाकण आलेले नाही. त्याविषयी त्यांचा एकही ईमेल नाही.