डीबीमधील १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवावा का?

विचारणा (ठाणे)
नमस्कार. आमची सदनिका सुमारे वीस वर्षांची असून पुरवठा सिंगल फेज आहे. बेडरूममधील दीड टनाचा एसी आणि शेजारच्या बाथरूममधील ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर डीबीतील (घरातील वीज वाटपाची पेटी) १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) आहेत. दोन्ही एकदम सुरू राहिले की वीस-पंचवीस मिनिटांनी एमसीबी पडतो. पाहायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने दोन उपाय सुचवले आहेत: १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवणे आणि इन्व्हर्टर घेतल्यापासून अधूनमधून पडणारा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) काढून लाइन ‘डायरेक्ट’ करणे. खर्च किरकोळ आहे. परंतु दिवसभर घरी आई एकटी असते, त्यामुळे मला धास्ती वाटते. एमसीबी बदलणे हे दोन स्क्रूंचेच काम असेल, तर ते मी स्वतः करू शकतो का? कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नाशिक, परवानाधारक वायरमन)
३२ चा एमसीबी कृपया बसवू देऊ नका. एमसीबीचा आकडा गिझर किंवा एसी पाहून नव्हे, तर भिंतीतील वायर पाहून ठरवायचा असतो. २३० व्होल्टला आपला गिझर १३ अँपिअर घेतो आणि एसीचे सात-आठ धरले, तर बेरीज २१ च्या आसपास जाते. घरगुती एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर सोसावा आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत पडावे, असे मानक आहे. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे साधारण १८ आणि २३ होतात. आपला भार नेमका या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे तो थोडा वेळ थांबून पडतो. तो बिघडलेला नाही.

हाच हिशेब ३२ ला लावला, तर ४६ अँपिअरपर्यंत तो तासभर तसाच राहू शकतो. त्या काळच्या इमारतींत पॉवर पॉइंटला बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची वायर असते आणि प्लास्टरमधील पाइपात तिला एवढा प्रवाह झेपत नाही. एमसीबी पडणार नाही आणि वायरचे आवरण मात्र आतल्या आत भाजत जाईल. गिझरसाठी डीबीपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून तिच्यावर २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी बसवावा. पाइपात जागा नसेल तर केसिंग-पट्टीतून न्यावी, भिंत फोडावी लागत नाही. तोवर दोन्ही उपकरणे एकदम चालवू नयेत. बिलावरील मंजूर भारही एकदा पाहून घ्यावा.

स्वतः करण्याविषयी: डीबीतील मेन बंद केला तरी मीटरकडून मेनमध्ये येणारी वायर जिवंतच असते, आणि इन्व्हर्टर सुरू असेल तर त्याची लाइनही. केवळ टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वायरला हात लावू नये. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर तपासून मगच त्याने खात्री करावी लागते. दिवा किंवा पंखा बदलणे वेगळे. डीबीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.

उत्तर (कोल्हापूर)
आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो. इन्व्हर्टर बसवताना त्यावरील दिव्यांचे न्यूट्रल बहुधा डीबीतील जुन्याच पट्टीवर (जिथे सगळ्या न्यूट्रल वायर जोडतात) राहतात. मग प्रवाह एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने परततो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. इन्व्हर्टरच्या सर्किटचे न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घ्यायला सांगावे. तरीही पडत राहिला, तर गिझरच्या कॉइलची गळती तपासावी. आई घरी एकटी असताना ‘डायरेक्ट’चा विचारही करू नये.

उत्तर (पुणे)
वरील सल्ल्यात एक भर घालतो. आमच्याकडे थ्री फेज पुरवठा आहे. नवा डीबी बसवल्यावर दोन महिन्यांनी एका संध्याकाळी हॉलमधील दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले आणि स्वयंपाकघरातील मंदावले. मेन बंद करेपर्यंत फ्रिज आणि टीव्ही जळाले होते. उघडून पाहिले, तर मेन न्यूट्रलच्या वायरचे आवरण पुरेसे सोललेलेच नव्हते आणि स्क्रू तांब्याऐवजी आवरणावर आवळला गेला होता. न्यूट्रल तुटला की कमी भाराच्या फेजवरील व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढते. सिंगल फेजमध्ये घरातील न्यूट्रल सैल झाला तर असे होत नाही, पण तो सांधा तापून जळतो. म्हणून झाकण बसवण्यापूर्वी प्रत्येक वायर हलकेच ओढून दाखवण्यास सांगावे.

विचारणाकर्ते (ठाणे)
सर्वांचे मनापासून आभार. काल परवानाधारक कंत्राटदाराकडून डीबी उघडून घेतला. एसी-गिझरच्या वायरवर २.५ असेच छापलेले होते, आणि एमसीबीपाशी तिचे लाल आवरण बोटभर तपकिरी पडून कडक झाले होते. इन्व्हर्टरचे न्यूट्रल कालच वेगळे केले. गिझरची स्वतंत्र लाइन रविवारी ओढली जाईल.