हृदयपेशीतले मायटोकॉन्ड्रिया आणि कॅल्शियम: वाचन कुठून सुरू करू?

चैत्रपालवी: एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हृदयपेशीतले मायटोकॉन्ड्रिया (पेशीसाठी ऊर्जा बनवणारे भाग) कॅल्शियम आत कसं घेतात आणि त्यावर ताबा कसा राहतो, हा सेमिनारचा विषय. रिव्ह्यू उघडला की एमसीयू, एमआयसीयू१, ईएमआरई अशी प्रथिनांच्या नावांची रांग लागते, सूत्र काही सापडत नाही. कोणते पेपर कोणत्या क्रमाने वाचू? जमलं तर छोटा प्रयोगही करायचाय, त्यासाठी डाय (कॅल्शियम चिकटलं की चमकणारा रंग) कोणता?

जुनी_पिपेट: रिव्ह्यू तूर्त बाजूला ठेव आणि उंदरांवरचे पेपर पाठोपाठ वाच. कॅल्शियम आत घेणारी वाहिनी म्हणजे एमसीयू, हे २०११ मध्ये बोस्टन आणि पादुआच्या गटांनी दाखवलं. २०१३ मध्ये जन्मापासून एमसीयू नसलेले उंदीर तयार झाले. ते जगले, पण हृदयाचा रक्तपुरवठा तोडून परत सुरू केल्यावर होणारं नुकसान त्यांच्यात कमी झालं नाही. २०१५ मध्ये दोन गटांनी प्रौढ उंदरांच्या फक्त हृदयातून एमसीयू काढलं. एरवी हृदय ठणठणीत, पण आयसोप्रोटेरेनॉल (हृदयाला वेग देणारं औषध) देऊन एकदम जोर लावायला लावलं की मागे पडायचं. आणि या वेळी रक्तपुरवठा परतल्यावरचं नुकसान मात्र कमी! हा विरोध का, यावरच सेमिनार उभा कर. जन्मापासून वाहिनी नसेल तर शरीर दुसरी वाट काढत असावं, हे मला पटतं.

मग २०१७ चा पेपर. कॅल्शियम बाहेर सोडणारा एनसीएलएक्स प्रौढ हृदयातून काढला, तर बहुतेक उंदीर दोनेक आठवड्यांत मेले. आत येणं थांबलं तर हृदय निभावून नेतं, बाहेर जाणं थांबलं तर नाही. रिव्ह्यूंमध्ये ही बाजू फार आखडती येते, तू ती ठळक मांड.

निशिगंध: +१. एमआयसीयू१ पण सोडू नका. बाहेर कॅल्शियम कमी असताना वाहिनी बंद ठेवणारा राखणदार तोच. पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रियाच, म्हणून हृदयात एमसीयूचा प्रवाह मुळात बेताचा असतो हे बरंच आहे. नाहीतर प्रत्येक ठोक्याचं कॅल्शियम तेच गिळून बसले असते.

डाय कॅल्शियम ग्रीन-५एन घ्या. पेशीतून वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया द्रावणात ठेवले की तो त्यांच्या बाहेर, द्रावणातच राहतो. कॅल्शियमचा थोडा थोडा डोस द्या: चमक चढते, मायटोकॉन्ड्रियांनी ओढून घेतलं की उतरते. शेवटी एका डोसनंतर उतरतच नाही, उलट चढत जाते, तेव्हा आतल्या पडद्याचं छिद्र उघडलेलं असतं. सायक्लोस्पोरिन ए (हे छिद्र सहजी उघडू न देणारं औषध) घातलं तर आणखी डोस पचतात. कंट्रोलला एमसीयू बंद करणारं आरयू३६० हवंच. ग्लुटामेट-मॅलेट विसरू नका, या इंधनाशिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतदाब टिकत नाही आणि कॅल्शियम आत जात नाही. मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढताना शेवटचे वॉश ईजीटीएशिवाय (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) द्या, नाहीतर तुमचे सुरुवातीचे डोस तेच पकडून ठेवेल.

चैत्रपालवी: खूप आभार, दोघांचेही! उंदरांसाठी एथिक्स कमिटीची परवानगी सेमिनारच्या आधी मिळणं कठीण दिसतंय. बोकडाचं हृदय चालेल का?

निशिगंध: गाइडला विचारून करा. खाटकाकडे बर्फातलं बफर घेऊनच जा आणि हृदय निघाल्याबरोबर त्यात टाका. दुकानात टांगून ठेवलेलं आणलंत तर मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम धरणारच नाहीत.