मशीनवर गोधडी: थर सरकतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीची दोन सुती नऊवारी लुगडी घरात पडून होती. नेसणार कोणी नाही आणि टाकवतही नाहीत, म्हणून गोधडी शिवायला घेतली आहे. साधारण ५ बाय ७ फूट. वरच्या बाजूला ६ इंची चौकोनी तुकडे जोडलेत, आत लुगड्याचे तीन थर, खाली जुनी चादर. तुकडे जोडेपर्यंत सगळं झकास झालं. खरा घोळ थर एकत्र शिवताना झाला.

मशीन साधं, पायाचं. १४ नंबरची सुई दोनदा मोडली. १६ नंबरची लावली तर टाका पडतो, पण वरचा थर पुढे ढकलला जातो. शेवटाला पोचेपर्यंत खालची चादर बोटभर मागे राहते आणि मध्ये चुण्या पडतात. उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचा नुसता गुंता! कच्चा टाका घातला होता, पण वीतभर अंतरावर. ते फार लांब झालं का?

आई म्हणते, हाताने धावदोरा घाल, कडेपासून आत आत ये. पटतंय, पण माझी मान साथ देत नाही.

दाबपट्टीचा दाब किती सैल करू? शिलाई मधून सुरू करून कडेकडे न्यायची का? आणि वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्यासोबत सरकवणारी दाबपट्टी) पायाच्या मशीनला बसतो का? कोणी वापरला असेल तर सांगा. निम्मं उसवून झालंय, उरलेलं तुमचं उत्तर आल्यावर उसवते.