केस कापले म्हणून आजी बोलत नाही

प्रश्न: मी 19 वर्षांची. परवा केस अगदी बारीक कापून घेतले. आजी तोंड फिरवून म्हणाली, "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" का नाही शोभत, विचारलं तर "पद्धत आहे" एवढंच. तिला दुखवायचं नाहीये, पण गप्पही बसवत नाही.

उत्तर: वाद घालू नकोस. तिच्या तरुणपणाबद्दल विचार.

उत्तर: दिसण्यावरून माणूस जोखायची खोड जुनी आहे गं. 1920 साली मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी दाखवलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्यांची शरीरयष्टी, बुद्धी, स्वभाव यांना वेगवेगळं तोलतच नव्हते. एक आवडलं की सगळंच चांगलं!

प्रश्नकर्ती: विचारलं. तिची वेणी कमरेखाली होती, वाळायला अर्धा दिवस जायचा, कापायची मुभा नव्हती. सांगता सांगता माझ्या मानेवरून हात फिरवत राहिली.